उजवीकडचा बल्ब

एलईडी दिव्यांवर माझा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण आमची पंचायत. गावच्या रस्त्यावर हे दिवे बसवले तेव्हा त्यांचं उद्घाटन भर उन्हात झालं. मंडप होता, हार होते, ध्वनिक्षेपकावर एक माणूस सारखा ‘हॅलो, हॅलो’ म्हणत होता. प्रमुख पाहुण्यांनी कळ दाबली, टाळ्या झाल्या, आणि दिवे लागले की नाही ते कोणालाच दिसलं नाही. आता गाव उजेडात आला, असं एका वक्त्याने उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून सांगितलं. संध्याकाळी पाहिलं तर दिवे खरोखरच लागले होते. तरी ज्या वस्तूचा पहिला सोहळा असा दिवसाढवळ्या उरकला जातो, तिच्याकडे मी जरा लांबूनच पाहतो.

आमचं घर गोव्यात, साखळी गावापासून जवळ आहे. पुढच्या भागात काका-काकी राहतात, मागच्या भागात मी आणि बायको. देवघर मधे, दोन्हीकडच्यांचं. काका शाळामास्तर होते. त्यांना मूल नाही, त्यामुळे घरी आल्यावर रागावायला त्यांना मीच सापडायचो. मी स्वतः निवृत्त झालो तरी त्यांनी ती सवय सोडलेली नाही.

काकांनी पगार वाढला तेव्हा आयुष्यात एकदाच चैन केली. म्हापशाहून प्लास्टिकच्या लोलकांचं झुंबर आणून बैठकीच्या खोलीत टांगलं आणि देवघराच्या भिंतीवर दोन पितळी ब्रॅकेट बसवून घेतले. सगळीकडे ज्योतीच्या आकाराचे, टोकाला निमुळते बल्ब. पिवळा, मऊ उजेड पडायचा. देवाच्या उजवीकडचा बल्ब नेहमी जळायचा. डावीकडचा होल्डर पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच गंजला होता. तो दुरुस्त करायचं दर चवथीला ठरायचं आणि गणपती पोचवून आलो की सगळे विसरायचे.

झुंबरातले बल्ब एकेक करून जाऊ लागले तेव्हा मी साखळीच्या बाजारात नवे आणायला गेलो. दुकानदाराने माझ्या हातातला जुना बल्ब एखाद्या मोडीतल्या नाण्याकडे पाहावं तसा पाहिला.

“हे आतां येनात. एलईडी व्हर.”

त्याने पुढे केलेला बल्बही ज्योतीच्याच आकाराचा होता. आत पिवळ्या काड्या उभ्या केल्या होत्या, जुन्या बल्बातल्या तारेसारख्या दिसाव्यात म्हणून.

“ही आतली तार?”

“ती दाखवपाची.”

“म्हणजे खोटी?”

“खोटी न्हय, डिझायन.”

पाकिटावर बल्बचं आयुष्य छापलं होतं. हिशेब केला तर तो माझ्यामागे बराच काळ राहणार होता. मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, इतक्या लांबची हमी द्यायला कंपनी तरी राहणार आहे का, असं विचारलं, आणि शेवटी घेतले. दुसरा इलाज नव्हता.

दोडामार्गहून येऊन इथेच राहिलेला एक इलेक्ट्रिशियन आमची कामं करतो. त्याला बोलावलं. त्याने झुंबराचे बल्ब बदलले. मग काही न विचारता देवघरातही शिरला आणि तिथला उजवीकडचा चालू बल्ब काढून नवा लावला. डावीकडच्या होल्डरला बोट लावून म्हणाला, “ह्यो मेलेलो आसा. बदलूक व्हयो.” आणि बदललासुद्धा. देवघरात प्रथमच दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला. बायकोने जुने चालू बल्ब पुसून काजूगरांच्या रिकाम्या डब्यात ठेवले. चालणारी वस्तू टाकायची नाही, हा तिचा नियम आहे आणि आमच्या घरात निम्मी जागा त्या नियमाने व्यापली आहे.

संध्याकाळी काका बाहेर आले, कदेलवर, म्हणजे आपल्या खुर्चीवर, बसले आणि झुंबराकडे पाहत राहिले.

“ह्या दिव्यांक कांकणां कित्याक घातल्यांत?”

प्रत्येक दिव्याभोवती त्यांना रंगीत वळं दिसत होतं. मला एकही दिसेना. पण मला हवं तेच ते बोलत होते, म्हणून मी लगेच त्यांच्या बाजूला गेलो. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बल्ब बदलून आणले. कांकणं तशीच. मग काकांना ती मोटरसायकलींच्या दिव्यांना दिसू लागली. पुढे एकदा समईकडे पाहून ते म्हणाले, “हिकाय घातली तुवें?” तेव्हा मी डॉक्टरची वेळ घेतली. समईत एलईडी नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोन मिनिटांत निकाल दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. आता ऑपरेशन केलं तर सोपं आहे, थांबलात तर कठीण होत जाईल आणि मग मी खात्री देणार नाही, असं तो स्पष्ट म्हणाला. दिवे निर्दोष निघाले याचं मला थोडं वाईटच वाटलं.

“देवाक विचारतां आनी सांगतां,” काका डॉक्टरला म्हणाले. डॉक्टर इथलाच असावा. तो नुसता मान हलवून पुढच्या पेशंटला हाक मारायला लागला.

आमच्या देवघरात मूर्तींच्या मागे एक काळा उभा पाषाण आहे. आजोबांनी तो कोरगावच्या जुन्या घरातून आणला. तो मूळपुरुष, म्हणजे घराण्याचा पहिला माणूस, आणि घरातला मोठा निर्णय त्याला विचारल्याशिवाय होत नाही. पद्धत देवळातल्या कौलासारखीच. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पिटकुळीच्या तांबड्या फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घरात आम्ही कोकणी बोलतो (माझं आणि बायकोचं बोलणं इथे मराठीत लिहिलंय), पण काका मूळपुरुषाशी शुद्ध मराठीत बोलतात. त्याला शाळेत घातलं होतं की नाही याची कोणी चौकशी केलेली नाही.

आमचा मूळपुरुष होकार देण्याबद्दल प्रसिद्ध होता. काकांच्या झुंबराच्या वेळेपासून तर तो उजवीशिवाय काही द्यायचाच नाही. काकांनी स्कूटर घेतली तेव्हा उजवी. मागच्या खोल्यांना स्लॅब घातला तेव्हा उजवी. माझं लग्न ठरलं तेव्हाही उजवी. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, लिहिलेलं बायको वाचते. एवढ्या वर्षांत नकार एकदाच आला. खाणी जोरात होत्या, डिचोलीत ज्याच्या त्याच्या अंगणात खनिजाचे ट्रक उभे असायचे, आणि काकीच्या भावाने काकांना ट्रकात भागी करायला सांगितलं होतं. देव म्हणाला, नको. काकांनी ऐकलं. पुढे खाणी बंद पडल्या आणि आमच्या वाड्यावरचे ट्रक जागच्या जागी गंजले, त्यांच्या टपांवर वेली चढल्या. त्या एका नकारावर काकांची श्रद्धा उभी आहे. होकार कोणीही देतो, ते म्हणतात.

डोळ्यांचा कौल लावला तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी चाचपडत पाकळ्या चिकटवल्या. दोन्ही नवे दिवे चालू होते. गाऱ्हाणं झालं. डावीकडच्या जनेलातून थोडा वारा येत होता. बराच वेळ काही हललं नाही, आणि मग एक पाकळी घसरून खाली पडली.

काकांना ती दिसली नाही. हातभर अंतरावर काळ्या दगडावरची तांबडी पाकळी त्यांना दिसत नव्हती.

“खंयची पडली गो?”

“डावी,” काकी म्हणाली.

खरंच डावी पडली होती. पण काकीच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, ते मला खटकलं. तिच्या बहिणीचा एक डोळा अशाच ऑपरेशननंतर गेला होता. फार जुनी गोष्ट, तेव्हाची साधनं वेगळी, हे मी तिला समजावून सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं होतं आणि मला चहा दिला होता. काकांनीही नकार फारच चटकन स्वीकारला. चाकूपेक्षा नकार बरा, असं दोघांनाही वाटत असणार. देवाचा कौल माणसांना इतका सोयीचा पडला की मला चैन पडत नाही.

पण माझ्या हातात काहीच नव्हतं. काका आता पेपर नुसता हातात धरून बसायचे. सकाळी पोदेर आला की पावाचे पैसे त्याच्यापुढे धरायचे आणि त्यातून घे म्हणायचे. मी ऑपरेशनचं काढलं की म्हणायचे, “देवान सांगलां, आतां तूं सांगूं नाका.”

पावसाळा लागला. घरातलं मीठ पाझरलं, पापड वातड झाले. एक दिवस काकी देवघरातून बाहेर आली ती काडेपेटी माझ्यापुढे नाचवत.

“तुझ्या नव्या दिव्यार काडेपेटी सुकना.”

“दिव्यावर?”

“मागीर खंय? सदांच थंय दवरतालें. उजव्या दिव्यार. इल्लो वेळ दवरली की कुरकुरीत.”

मी देवघरात गेलो आणि नव्या बल्बला हात लावला. थंडगार. जुना बल्ब मला आठवला. त्याच्या काचेला बोट लावायची सोय नव्हती. त्याच्याजवळ ठेवलेलं फूल दुपारपर्यंत मलूल व्हायचं. आणि तो पाषाणाच्या उजव्या खांद्यापासून वीतभरच अंतरावर होता. पाण्याने चिकटलेली पाकळी ज्या बाजूने आधी सुकेल त्या बाजूची आधी पडणार. डावीकडचा दिवा तर बंदच असायचा. इतकी वर्षं घरात होकार देत होता तो त्या बल्बचा ताप.

तिथेच ताम्हनाशेजारी बसून मी एकेक कौल तपासला. स्कूटर, स्लॅब, लग्न. सगळीकडे दिवा लागलेला होता. मग ट्रक. त्या दिवशी वादळाने खांब पडला होता आणि घरात वीज नव्हती, हे मला पक्कं आठवत होतं, कारण काकीचा भाऊ अंधारात उंबऱ्याला ठेचकाळला होता आणि त्यावरून सगळे हसले होते. म्हणजे देवाला बल्बची मदत नसताना जे सुचलं तेवढंच एक शहाणपणाचं निघालं. हे मी कोणाला सांगावं, ते कळेना. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या लग्नाला देवाचा होकार नव्हताच?” आणि दुपारभर मला जाता-येता ‘बल्बाचो घोव’ म्हणत राहिली.

त्याच आठवड्यात काकी साखळीहून परत आली आणि पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. काकाही बाजारात गेले होते, दोघं वेगवेगळी निघाली होती. बसस्टँडवर काका तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

“म्हाका म्हणटात, ‘बाय, पणजेची बस गेली?’”

बायको हसली. काकीही हसली. “हांवें म्हळें, गेली. म्हणटात, ‘देव बरें करूं.’ आनी गेले.”

“तू हाक मारली नाहीस?” मी विचारलं.

ती पिशवीतून भाजी काढत राहिली. मग म्हणाली, “इतल्या मानान केन्नाच उलोवंक नाशिल्ले.” ती आता हसत नव्हती. लाल भाजीची जुडी तिने सोडली, परत बांधली, आणि तशीच ठेवून आत गेली.

मी ठरवलं की देवाला पुन्हा त्याच्या जुन्या सवयीवर आणायचं. लबाडी होती, पण आजवर नकळत चाललेली लबाडी फक्त एकदा जाणूनबुजून करायची होती. काकांना म्हटलं, कौल परत लावू, त्या दिवशी वारा होता. ते आधी नाही म्हणाले. मग काकीने आतून, कोणी विचारलं नसताना, “लायात मरे एक फावट”, लावा की एकदा, असं म्हटलं, तेव्हा त्यांनी सोमवार ठरवला. सोमवारी सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी डब्यातला एक जुना बल्ब काढला आणि उजवीकडे लावला. तो लगेच लागला. खोलीतला उजेड एका बाजूने जुना आणि दुसऱ्या बाजूने नवा झाला.

काका सोवळं नेसून आले. पाषाणापुढे हात नेला आणि तिथेच थांबवला. मग तो हळूच उजवीकडे नेला, परत डावीकडे.

“उजवेकडेन जुनो घातला?”

त्यांनी हात परत डावीकडे धरला.

“आनी दावेकडेन?”

मास्तरांपुढे उभा राहिल्यासारखा मी सगळं सांगून टाकलं. काडेपेटी, ताप, सुकणारी पाकळी, वादळात पडलेला खांब. ते ऐकत होते. काकी दाराशी उभी होती. माझं संपल्यावर मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“म्हणजे इतलीं वर्सां बल्ब सांगतालो.”

“तसंच दिसतं.”

“बल्बान सांगिल्लें वायट किदें जालें? स्कूटर बरी चल्ली. स्लॅब गळना. तुझी बायल तुका सोंसता.”

“काका, मी म्हणतो ते एवढंच की हा काही देवाचा…”

“देवान कशें सांगचें तें तूं थारायतलो?” त्यांनी डावीकडे बोट केलं. “पूण देवाक एकाच कानान आयकूंक लावूं नाका. थंयूय जुनो लाय.”

मला हे अपेक्षित नव्हतं. दोन्हीकडे सारखा ताप म्हणजे काय होईल ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. मी काहीतरी बोलून पाहिलं, पण काका मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना जसे बसायचे तसे ताठ उभे राहिले. बायकोने दुसरा बल्ब आणून दिला. तिने जाताना माझ्याकडे पाहिलं त्यात फारशी सहानुभूती नव्हती. मी तो डावीकडे लावला, जनेल बंद केलं आणि मागे झालो.

खोली गरम झाली. पिवळा उजेड पाषाणावर दोन्हीकडून पडला. काकांनी फुलपात्रात बोटं बुडवली, खांदे चाचपले, पाकळ्या लावल्या. मग मराठीत गाऱ्हाणं घातलं. बा मूळपुरुषा, आम्ही तुझी लेकरं आहोत, आमच्याकडून काही चुकलं असेल तर पोटात घाल, आणि या डोळ्यांना चाकू लावू की नको ते खरं सांग. ‘खरं’ हा शब्द त्यांनी आधी कधी वापरला नव्हता. तो माझ्यासाठी होता की बल्बसाठी, मला कळलं नाही.

काकी देवाच्या उजवीकडे समईशी उभी होती, काका मधे, मी त्यांच्या मागे. मी या गोष्टी मानत नाही. हे मी काकांना कॉलेजात असल्यापासून सांगत आलो आहे. तरी उजव्या पाकळीकडे टक लावून मी मनात तिला पड, पड म्हणत होतो. तिची एक कड सुटली. ती जराशी वळली आणि तशीच राहिली. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला.

डावी पडली.

माझ्या काकांच्या खांद्यावरून मी ती स्पष्ट पाहिली. काकीनेही पाहिली. पाषाणाच्या पायाशी, डाव्या बाजूला, ती तांबडी पाकळी चंदनाच्या खोडाजवळ पडली होती.

“खंयची पडली गो?”

काकीने समईची वात सरळ केली. तिचं बोट वातीवर असतानाच ती म्हणाली,

“उजवी.”

“तुवें पळयली रे?” काकांनी मागे न वळता मला विचारलं.

“उजवीच,” मी म्हणालो.

कौलाची पाकळी विचारणाऱ्याच्या हातात द्यायची असते. ती घ्यायला काकी निघाली. ती उजवीकडे उभी होती आणि पाकळी डावीकडे पडली होती. तिथे पोचायला काकांच्या अगदी पुढून जाण्यावाचून वाट नव्हती. ती तशी गेली. तिच्या लुगड्याचा काठ त्यांच्या हाताला लागला असणार. तिला जायला जागा व्हावी म्हणून काका अर्धं पाऊल मागे सरले, तिने वाकून पाकळी उचलेपर्यंत थांबले, आणि मग ती आता जिथे उभी होती नेमक्या त्या बाजूला, डावीकडे, त्यांनी ओंजळ पुढे केली.

तिने पाकळी ओंजळीत ठेवली. काकांनी ती आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याला लावली.

“डॉक्टराक फोन लाय,” ते मला म्हणाले. “पयलो खंयचो दोळो करता, तें विचार.”